विश्लेषण : सर्किट बोर्ड जुळणीची यंत्रे घेताना छोटे कारखाने कुठे चुकतात?

स्मार्ट मीटर, सौर पंपाचा नियंत्रक, ई-रिक्षाचा चार्जर, सीसीटीव्ही कॅमेरा. यातली कोणतीही वस्तू उघडली की आत हिरवा सर्किट बोर्ड आणि त्यावर चिकटलेले तांदळाच्या कणीहून बारीक घटक दिसतात. हे घटक बोर्डावर बसवण्याचे काम देशात वाढते आहे आणि भोसरी, सातपूर, वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतींतील छोट्या उद्योजकांनाही त्यात संधी दिसते आहे. मात्र यंत्रांवर मोठे कर्ज काढूनही हाती सदोष बोर्डांचा ढीग येतो, असा अनुभव या व्यवसायाला नवा नाही. असे का होते, दोष शोधायचा कसा आणि यंत्र निवडायचे कशाच्या आधारे, याविषयी...

हा विषय आता महत्त्वाचा का?

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार देशातील इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे उत्पादन २०१४-१५ मध्ये १.९० लाख कोटी रुपयांचे होते. २०२३-२४ मध्ये ते ९.५२ लाख कोटींवर गेले. यात मोबाइल फोनचा वाटा मोठा आणि त्या फोनमधले बहुतेक घटक आयात केलेले, ही टीका सुरुवातीपासूनच होत आली. त्यावर उत्तर म्हणून २८ मार्च २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने घटकनिर्मितीसाठी २२,९१९ कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. त्याआधी २०२२ मध्ये पुण्याजवळच्या रांजणगावात इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन समूह मंजूर झाला होता.

दुसरीकडे मागणीही बदलली. देशभर २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटर बसवण्याचे उद्दिष्ट केंद्राने ठेवले आहे. महाराष्ट्रात त्यावरून राजकीय वाद झाला तो वेगळा, पण मीटर प्रीपेड असो की पोस्टपेड, आत बोर्ड लागतोच. सौर कृषिपंपांचे नियंत्रक, विजेवरील दुचाकींचे चार्जर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर या वस्तू मोबाइलसारख्या कोटींच्या संख्येने एकाच कारखान्यात होत नाहीत. पाचशे, हजार, दोन हजार नगांच्या तुकड्या निघतात. मोठ्या कंत्राटी कंपन्यांना एवढ्याशा कामात रस नसतो, म्हणून ते छोट्यांकडे येते. छोट्याकडे मात्र चुकीचे यंत्र पचवण्याची ताकद नसते. बँकेचा हप्ता पहिल्या सदोष तुकडीसाठी थांबत नाही.

एसएमटी म्हणजे नेमके काय?

पूर्वी रेडिओ-टीव्हीच्या बोर्डांना भोके असत. घटकाचे पाय त्या भोकांतून ओवून मागच्या बाजूने डाग दिला जाई. सरफेस माउंट तंत्रज्ञानात, म्हणजेच एसएमटीमध्ये, भोके नाहीत. घटक बोर्डाच्या पृष्ठभागावरच बसतो. त्यासाठी तीन पायऱ्या असतात. पहिल्यांदा पोलादी पत्र्याच्या स्टेन्सिलमधून बोर्डावरील ठरावीक जागी सोल्डर पेस्ट छापायची. मग पिक अँड प्लेस यंत्राने रिळातला एकेक घटक हवेच्या ओढीने उचलून त्या पेस्टवर ठेवायचा. शेवटी बोर्ड रिफ्लो ओव्हनमधून न्यायचा. तिथे पेस्ट वितळते, थंड होते आणि घटक पक्का होतो.

ज्यांनी दारात कल्हईवाला पाहिला आहे त्यांना यातले रसायन वेगळे समजावण्याची गरज नाही. भांडे तापवून कल्हईवाला आधी नवसागर टाकत असे, मगच कथील फिरवत असे. नवसागराने धातूवरचा मळ निघाला नाही तर कथील पसरत नाही, गोळा होऊन राहते. सोल्डर पेस्टमधला फ्लक्स हेच काम करतो. पेस्टच्या वजनात नव्वद टक्क्यांच्या आसपास धातूचे सूक्ष्म गोळे आणि उरलेला फ्लक्स असतो. आकारमानाने पाहिले तर मात्र दोन्ही जवळपास निम्मे-निम्मे. म्हणूनच पेस्ट शिळी झाली, वाळली किंवा तिने ओल धरली तर पुढचे लाखांचे यंत्र काहीही करू शकत नाही.

पैसा कुठे जातो आणि दोष कुठे जन्मतो?

यंत्रखरेदीची चर्चा सुरू झाली की सगळ्यांचे लक्ष पिक अँड प्लेसवर जाते. ते साहजिक आहे. ते यंत्र महाग, दिसायला देखणे आणि त्याच्या माहितीपत्रकावर ‘ताशी अमुक हजार घटक’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. बजेटचा मोठा हिस्सा तिथे संपतो. मग छपाईसाठी हाताने चालवायची चौकट आणि उरलेल्या पैशांत बसेल तो ओव्हन घेतला जातो.

प्रत्यक्षात एसएमटीतील निम्म्याहून अधिक दोषांचे मूळ पेस्ट छपाईत असते, हा या क्षेत्रातला जुना ठोकताळा आहे. कारण सोपे आहे. पिक अँड प्लेसने घटक किंचित वाकडा ठेवला तरी वितळलेले कथील आपल्या पृष्ठताणाने त्याला बऱ्याचदा जागेवर ओढून घेते. कमी पडलेली पेस्ट मात्र ओव्हनमध्ये वाढत नाही आणि जास्त पडलेली कमी होत नाही. थोडक्यात, महागड्या यंत्राच्या चुका निसर्ग काही प्रमाणात सांभाळून घेतो, स्वस्त चौकटीच्या नाही.

स्टेन्सिलचेच उदाहरण घ्या. काही हजार रुपयांची ही वस्तू. तिच्या छिद्राच्या तळाचे क्षेत्रफळ छिद्राच्या भिंतींच्या क्षेत्रफळाच्या किमान ०.६६ पट असावे, असा संकेत आहे. त्याखाली गेल्यास पेस्ट बोर्डावर उतरण्याऐवजी भिंतींनाच चिकटून राहते. ०.३ मिलिमीटर व्यासाचे गोल छिद्र आणि ०.१२ मिलिमीटर जाडीचा पत्रा घेतला तर हे प्रमाण ०.६२५ येते, म्हणजे काठाच्या आत. पत्रा ०.१० चा घेतला तर तेच प्रमाण ०.७५ होते आणि छपाई सुधारते. केवळ दोन शतांश मिलिमीटरचा फरक, तोही खरेदीच्या कागदावर एक आकडा बदलून मिळणारा. अनेक ठिकाणी स्टेन्सिल मागवताना जाडीचा रकाना विक्रेत्यावर सोडलेला असतो.

बोर्डाला खालून आधार नसणे हे दुसरे कारण. पातळ बोर्ड मध्ये लवतो, स्टेन्सिल आणि बोर्ड यांच्यात फट राहते, पेस्ट फटीत शिरते आणि शेजारच्या पायांत पूल तयार होतो. चुंबकी खुंट्या लावून हे थांबते. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही.

एवढ्याशा दोषांनी किती फरक पडतो?

समजा एका बोर्डावर दीडशे घटक आणि त्यांचे चारशे सांधे आहेत. दहा लाख सांध्यांमागे दोनशे सांधे सदोष निघाले तर ऐकायला हे प्रमाण नगण्य वाटते. पण चारशे सांध्यांच्या बोर्डाला ते लावले की शंभरातले जवळपास आठ बोर्ड पहिल्या फेरीत नापास होतात. दोष पन्नासवर आणला तर नापास बोर्ड दोनावर येतात. जुळणीच्या मजुरीत नफा मुळातच बारीक असतो. शंभरातले आठ बोर्ड सोल्डरिंग गनखाली पुन्हा दुरुस्त करायचे म्हटले तर तो तिथेच संपतो. शिवाय दुरुस्तीतून सुटलेला एखादा कच्चा सांधा पुढे शेतातल्या सौर पंपाच्या पेटीत पोहोचतो. दिवसभर ऊन, रात्री गारवा, अशा ताणात तो काही महिन्यांनी तडकतो. रब्बीच्या पाण्याची पाळी चुकते ती शेतकऱ्याची, पण पुढच्या वर्षीची ऑर्डर जाते ती कारखान्याची.

दोष शोधायचा कसा?

बोर्ड बिघडला की दुरुस्त करणे आणि दोष शोधणे, ही दोन वेगळी कामे आहेत. छोट्या कारखान्यात पहिले रोज होते, दुसऱ्याला वेळ मिळत नाही. खरे तर त्यासाठी महाग उपकरण लागत नाही. नापास बोर्डांवर कोणत्या जागी, कोणत्या वेळी, काय झाले याची साधी वही पुरते. आठवडाभराच्या नोंदींतून नमुना दिसू लागतो.

एकच दोष प्रत्येक बोर्डावर त्याच जागी येत असेल तर संशय बोर्डाच्या आराखड्यावर किंवा स्टेन्सिलच्या छिद्रावर घ्यावा. छोटा रेझिस्टर किंवा कॅपॅसिटर एका टोकावर उभा राहणे, ज्याला कारागीर ‘टूम्बस्टोन’ म्हणतात, याचे नमुनेदार उदाहरण आहे. घटकाच्या एका टोकाखालची तांब्याची पट्टी मोठ्या तांब्याच्या पृष्ठाला जोडलेली असते. ते तांबे उष्णता शोषून घेते, त्या टोकाची पेस्ट उशिरा वितळते. दुसरे टोक आधी वितळून घटकाला आपल्याकडे खेचते आणि घटक उभा राहतो. इथे पिक अँड प्लेसला दोष देऊन उपयोग नाही. आराखड्यात त्या जोडणीची रुंदी कमी करणे किंवा पेस्ट वितळण्याच्या थोडे आधी बोर्ड सगळीकडे सारखा तापू देणे, हा उपाय.

दोष जागा बदलतो, पण एकाच प्रकारच्या घटकाला होतो, असे दिसले तर फीडर किंवा रीळ तपासावे. यावर कारागिरांची एक साधी युक्ती आहे. तो फीडर यंत्रावर दुसऱ्या खाचेत लावून पाहायचा. बिघाड फीडरबरोबर सरकला तर फीडर दोषी. बिघाड जुन्या खाचेतच राहिला तर यंत्र दोषी. नोझलबाबतही हेच. नोझलचे टोक झिजले किंवा आत पेस्ट अडकली की ओढ कमी होते आणि घटक वाटेत पडतो किंवा तिरपा होतो. बहुतेक यंत्रे कोणत्या नोझलने किती वेळा उचल चुकवली याची नोंद आपोआप ठेवतात. ती नोंद उघडून पाहण्याची सवय मात्र माणसालाच लावावी लागते.

तिसरा नमुना वेळेचा. दोष जेवणाच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या काही बोर्डांवर येत असेल तर उत्तर जवळपास ठरलेले आहे. स्टेन्सिलच्या छिद्रांत पेस्ट वाळली. सुट्टीपूर्वी स्टेन्सिल पुसणे आणि नंतर एक-दोन छपाया टाकून देणे, एवढ्याने काम भागते. सकाळी दोष जास्त आणि दुपारी कमी असेल तर फ्रिजमधून काढलेली पेस्ट पुरेशी निवू न देता, म्हणजे खोलीच्या तापमानाला येऊ न देता, उघडली गेली असण्याची शक्यता मोठी. पेस्ट साधारण शून्य ते दहा अंश सेल्सिअसला ठेवतात आणि बाहेर काढल्यावर डबा बंद ठेवूनच काही तास थांबतात. घाईत थंड डबा उघडला तर हवेतली वाफ पेस्टवर दवासारखी जमते. मग ओव्हनमध्ये ते पाणी तडतडते आणि घटकांभोवती मोहरीएवढेही नाहीत असे कथलाचे गोळे उडतात.

आणि पावसाळ्यात?

जून ते सप्टेंबर हा या कारखान्यांचा खरा परीक्षेचा काळ. पेस्टला साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. मुंबई, ठाणे, कोकणपट्टीत आणि पुण्यातही पावसाळ्यात बाहेरची हवा याहून कितीतरी दमट असते. प्लास्टिकच्या आवरणातल्या चिप हवेतली ओल शोषतात. ओव्हनमध्ये त्या ओलीची वाफ होते आणि चिप आतून फुटते. बाहेरून काहीच दिसत नाही. सर्वसाधारण वर्गातल्या अशा चिपना पिशवी फोडल्यानंतर ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेत १६८ तासांची मुदत असते. ही मुदत त्या अटींसाठी आहे, भिजलेल्या जुलैसाठी नाही. एसी आणि आर्द्रता कमी करणारे यंत्र, तसेच चिप ठेवायला कोरडे कपाट, या वस्तू यंत्रांच्या कोटेशनमध्ये कधीच नसतात. त्या पहिल्या दिवसापासून बजेटमध्ये धराव्यात.

वेगाचा आकडा फसवा का ठरतो?

माहितीपत्रकातला वेग आदर्श परिस्थितीतला असतो. एकसारखे छोटे घटक, जवळ-जवळ बसवायचे, फीडर यंत्राला लागून. प्रत्यक्ष बोर्डावर मोठ्या चिप, कनेक्टर, लांब हेलपाटे असतात आणि वेग बराच खाली येतो. पण छोट्या कारखान्याची खरी अडचण वेगळीच आहे. तिथे यंत्र चालण्यापेक्षा थांबण्यात वेळ जातो.

एक साधा हिशेब करू. दिवसाला पाच प्रकारचे बोर्ड, प्रत्येकी पन्नास नग, बोर्डावर दीडशे घटक. म्हणजे दिवसाला ३७,५०० घटक बसवायचे. प्रत्यक्षात ताशी १२,५०० घटक बसवणाऱ्या यंत्राला तीन तास लागतील, ताशी २५,००० वाल्याला दीड तास. मात्र एका बोर्डावरून दुसऱ्यावर जाताना रिळे बदलायला पाऊण तास लागत असेल तर चार बदलांत तीन तास जातात. संथ यंत्राचे सहा तास, वेगवान यंत्राचे साडेचार. आता संथ यंत्राबरोबर जादा फीडर आणि फीडरची ट्रॉली घेतली, पुढच्या बोर्डाची रिळे आधीच लावून ठेवली आणि बदल दहा मिनिटांवर आणला तर एकूण वेळ तीन तास चाळीस मिनिटे होतो. दुप्पट वेगाच्या यंत्राला संथ यंत्राने मागे टाकले.

म्हणून यंत्राच्या किमतीबरोबर फीडर किती मिळणार, जादा फीडरची किंमत काय, ते बाजारात सहज मिळतात का, हे आधी विचारायचे. कोटेशनमध्ये वीस फीडर आणि बोर्डावर साठ प्रकारचे घटक, अशी गत झाली तर उरलेल्या चाळीस फीडरचे बिल पाहून डोळे पांढरे होतात. अचूकतेचा आकडाही असाच तपासावा. ‘अधिक-उणे ०.०५ मिलिमीटर’ हे किती टक्के वेळा, हे लिहिलेले नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. आणि आपल्या बोर्डावरचा सर्वांत छोटा घटक १.६ बाय ०.८ मिलिमीटरचा असताना ०.४ बाय ०.२ मिलिमीटरचे घटक बसवणारे यंत्र घेणे म्हणजे भाजी आणायला ट्रक काढणे.

ओव्हन निवडताना काय पाहावे?

शिसे असलेले जुने सोल्डर १८३ अंशांना वितळते. युरोपात जुलै २००६ पासून आणि भारतात ई-कचरा नियमांतून मे २०१४ पासून बहुतेक विद्युत-इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधील शिशावर मर्यादा आली. त्याऐवजी वापरले जाणारे कथील-चांदी-तांब्याचे मिश्रण २१७ ते २२० अंशांदरम्यान वितळते. बोर्डाचे कमाल तापमान साधारण २३५ ते २५० अंशांपर्यंत न्यावे लागते. त्याहून फार वर गेले तर घटक भाजतात. म्हणजे शिसेमुक्त कामात चुकीला जागा कमी उरते आणि ओव्हनचा दर्जा कळीचा ठरतो.

इथे दोन गैरसमज नेहमीचे. पहिला, ओव्हनच्या पडद्यावर दिसते ते बोर्डाचे तापमान. तसे नसते. ते त्या कप्प्यातील हवेचे तापमान असते. बोर्ड किती तापला हे पाहायचे तर त्याच्यावर थर्मोकपलच्या तारा चिकटवून तो ओव्हनमधून सोडावा लागतो. ॲल्युमिनियमच्या पाठीचा एलईडी बोर्ड आणि साधा पातळ बोर्ड एकाच सेटिंगवर काढले तर एक कच्चा राहतो किंवा दुसरा करपतो. दुसरा गैरसमज, शिशाच्या पेस्टवर सगळे सोपे जाते. अनेक चिपच्या खाली आता शिसेमुक्त गोळे असतात. शिशाच्या पेस्टसाठी ठेवलेल्या २१० अंशांत ते वितळतच नाहीत. सांधा वरून ठीक दिसतो, आत नुसता टेकलेला असतो.

कप्प्यांची संख्या जास्त असेल तर तापमानाचा चढउतार नीट साधता येतो. पण संख्येपेक्षा पट्ट्याच्या रुंदीभर तापमान सारखे आहे का, हे महत्त्वाचे. आणि आपल्याकडे विचारायलाच हवा असा प्रश्न: वीज गेली तर आत असलेले बोर्ड बाहेर आणायला पट्टा बॅटरीवर चालतो का? एमआयडीसीतही वीज जाते. तापलेल्या ओव्हनमध्ये थांबलेला बोर्ड वाचत नाही.

तपासणीचे यंत्र आधी कोणते?

दोन प्रकार आहेत. एक छपाईनंतर लगेच पेस्टची उंची आणि प्रमाण मोजते, दुसरे ओव्हननंतर कॅमेऱ्याने घटक आणि सांधे तपासते. दोन्ही घेणे बहुतेकांना परवडत नाही आणि विक्रेते सहसा दुसरे आधी सुचवतात. या लेखकाचे मत उलट आहे. छपाई चुकलेला बोर्ड पुसून धुता येतो, खर्च चहाच्या कपाएवढा. ओव्हनमधून निघालेला बोर्ड दुरुस्त करायला कुशल हात लागतात. ज्यांच्या बोर्डांवर पाय पोटाखाली लपलेल्या चिप आहेत त्यांच्यासाठी तर प्रश्नच नाही, कारण ते सांधे ओव्हननंतर कॅमेऱ्याला दिसतच नाहीत. नुसते एलईडी आणि रेझिस्टर बसवणाऱ्याने मात्र ओव्हननंतरचा कॅमेरा घेतला तर चूक नाही. आणि दोन्ही परवडत नसतील तर चांगला सूक्ष्मदर्शक, पुरेसा उजेड आणि पहिला बोर्ड तपासल्याशिवाय तुकडी पुढे न सोडण्याची शिस्त.

जुने जपानी की नवे चिनी?

या बाजारात जपानच्या यामाहा, फुजी, पॅनासोनिक, जुकी, कोरियाची हान्वा, जर्मन परंपरेतली सिप्लेस आणि स्वीडनची मायक्रॉनिक ही जुनी नावे. यातली जुकी म्हणजे शिलाई यंत्रांचीच जुकी. कापड वेगाने, अचूक सरकवणाऱ्या कंपनीला इथले काम परके वाटले नसावे. गेल्या काही वर्षांत नियोडेनसारख्या चिनी कंपन्यांनी टेबलावर मावणारी, काही लाखांत मिळणारी यंत्रे आणली. नमुना बोर्ड आणि छोट्या तुकड्यांसाठी त्यांनी दार उघडले, हे मान्य करावे लागेल. मात्र दोन पाळ्यांत रोज चालवायला ती बनलेली नाहीत.

दहा-पंधरा वर्षे वापरलेले जपानी यंत्र हा तिसरा मार्ग. यांत्रिक भाग मजबूत असतात. धोका संगणकात असतो. काही यंत्रे अजून विंडोज एक्सपीवर चालतात, हार्ड डिस्क गेली की मूळ सॉफ्टवेअर मिळत नाही, सॉफ्टवेअरची किल्ली हरवली तर यंत्र भंगार. मोजमाप जुळवण्याची मूळ साधने सोबत आहेत का, त्या फीडरचे उत्पादन अजून सुरू आहे का, हे पाहिल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये.

देश कोणताही असो, यंत्राबरोबर माणूस मिळतो का हा प्रश्न सर्वांत मोठा. २०२० मध्ये गलवाननंतर भारत-चीन संबंध ताणले गेले आणि चिनी तंत्रज्ञांना व्हिसा मिळणे अवघड झाले. येऊन पडलेली यंत्रे उभारायला कोणी नाही, अशी तक्रार उद्योगांनी केली. जुलै २०२५ मध्ये फॉक्सकॉनच्या भारतातील आयफोन कारखान्यांतून चिनी अभियंते मोठ्या संख्येने परतल्याच्या बातम्या आल्या. एवढ्या बलाढ्य कंपनीला हे झेपेल. एका यंत्रावर अख्खा कारखाना उभा करणाऱ्याला, सेवा अभियंता पुण्यात आहे की शेन्झेनमध्ये, यावरच धंदा चालणार की नाही हे ठरते.

सरकारी योजनांचा छोट्यांना उपयोग किती?

२०२५ च्या योजनेचा भर घटक, बहुस्तरीय बोर्ड आणि उपजुळण्यांवर आहे. इलेक्ट्रॉनिक्सनिर्मितीत लागणाऱ्या यंत्रसामग्रीचे उत्पादनही तीत धरले आहे, ही स्वागतार्ह गोष्ट. स्टेन्सिल प्रिंटर आणि ओव्हन इथे बनवणे पिक अँड प्लेसइतके दुष्कर नाही. पण दुसऱ्याचे बोर्ड जुळवून देणारा पाच-दहा कामगारांचा कारखाना या योजनेच्या केंद्रस्थानी नाही. त्याच्यासाठी सूक्ष्म व लघु उद्योगांची पतहमी योजना अधिक कामाची. एप्रिल २०२५ पासून तिची मर्यादा ५ कोटींवरून १० कोटी रुपये झाली, म्हणजे तारणाशिवाय मोठे कर्ज मिळू शकते. निर्यात करणाऱ्यांना ईपीसीजी योजनेत सीमाशुल्काशिवाय यंत्रे आणता येतात, पण वाचलेल्या शुल्काच्या सहा पट निर्यात सहा वर्षांत करावी लागते. निर्यातीची खात्री नसताना या सवलतीच्या मोहात पडणे म्हणजे सहा वर्षांनंतरचे देणे आज ओढवून घेणे.

या सगळ्या योजना यंत्र विकत घेण्यासाठी आहेत. ते चालवणारा तंत्रज्ञ तयार करण्याची बाजू अजून लंगडीच आहे. अनेक आयटीआय आणि तंत्रनिकेतनांत हाताने डाग द्यायला शिकवतात. तापमानाचा आलेख वाचणे, नोझलची नोंद तपासणे हे मुले कारखान्यात आल्यावर, बिघडलेल्या बोर्डांवर शिकतात.

सौद्यापूर्वी काय तपासावे?

विक्रेत्याच्या दालनात त्याचा बोर्ड, त्याची पेस्ट आणि त्याचा माणूस असतो, तेव्हा प्रत्येक यंत्र चांगलेच चालते. आपला सर्वांत अवघड बोर्ड, आपली रिळे, अगदी अर्धवट वापरलेल्या रिळांचे तुकडेसुद्धा सोबत न्यावेत. निदान पन्नास बोर्ड काढून मागावेत आणि दोन बोर्डांमधला बदल आपल्या ऑपरेटरने स्वतः करून पाहावा, हातात घड्याळ घेऊन. नोझल, गाळण्या, ओव्हनच्या पंख्यांचे भाग यांची किंमत आणि ते किती दिवसांत येतात हे करारात लिहून घ्यावे. कोरडी, तेलविरहित दाबाची हवा, थ्री फेज जोडणी, ओव्हनच्या धुराची नळी यांचा खर्च वेगळा मांडावा. आणि विक्रेत्याकडून त्याच यंत्राच्या तीन जुन्या ग्राहकांचे पत्ते घेऊन त्यांच्याकडे जावे, शक्यतो पावसाळ्यात आणि विक्रेत्याला न सांगता.